सातवीत ७८ टक्के, आणि ५०३ वजा २६७ येत नाही

चाफा_चेंबूर

नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होते. पहिलाच धागा, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी गोवंडीला राहतात. त्यांची मुलगी यंदा सातवीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, खासगी, विनाअनुदानित. महिना अकराशे फी. चार घरची कामं मिळून मावशींच्या हातात चौदा हजार पडतात, त्यातून हे अकराशे. दिवाळीच्या सुट्टीत त्या तिला घेऊन आल्या. "ताई, हिचं जरा इंग्लिश बघा ना, बाकी हुशार आहे." सोबत प्रगतिपुस्तक. सहामाहीला ७८ टक्के.

पोरगी खरंच चुणचुणीत. विज्ञानाचं पुस्तक उघडून दिलं तर घडाघडा अख्खं पान वाचलं. मी सहज विचारलं, काय सांगितलंय यात? गप्प. मराठीत सांग. गप्प. हिंदीत? माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी अभ्यासक्रमाबाहेरचं विचारलं. 'बिकॉज' या शब्दावर बोट ठेवून म्हटलं, याचा अर्थ काय गं? तर म्हणे, "टीचरने नाही दिला."

मग गणित काढलं. ५०३ वजा २६७. क्षणात उत्तर: ३६४. मला वाटलं घाईत चुकली असेल. दुसरं दिलं, तिसरं दिलं. तेव्हा लक्षात आलं की वर कोण आणि खाली कोण हे ती बघतच नाही, दोनांतल्या मोठ्यातून लहान काढते. पाचातून दोन गेले तीन, सहातून शून्य गेला सहा, सातातून तीन गेले चार. हातचा घेणं वगैरे तिच्या गावीही नाही. हे तिसरीतलं गणित! चार वर्षं ही मुलगी अशीच वजाबाकी करत वरच्या वर्गात जातेय.

मग ७८ टक्के आले कुठून? नेमकं कुठे निसटतं हे? शिक्षक, माध्यम, परीक्षा, सरकार? मावशी मला रोज विचारतात, "कशी आहे हो ताई?" त्यांना काय सांगू?

रुळावरचा

रुमाल टाकून ठेवतो. ठाण्याला उतरलो की लिहितो.

आजोबा_गिरगावकर

यात कोडं कसलं? नापास करणं बंद केलंत, तिथेच सगळं संपलं. आमच्या वेळी चौथीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ असल्याशिवाय मास्तर घरी सोडत नसत. वाण्याकडे हिशोब करायला कागद लागत नसे. आता मुलाला काही येवो न येवो, आठवीपर्यंत ढकलगाडी. भीतीच नाही तर अभ्यास कोण करणार?

टोपणनाव_सुचेना

आजोबा, तुमच्या वर्गातले किती जण मॅट्रिक झाले हो? माझे वडील लालबागच्या म्युनिसिपल शाळेत होते. ते सांगतात, पहिलीला साठ पोरं होती, सातवीला अठरा उरली. उरलेली बेचाळीस कुठे गेली? नापास झाली, मार खाल्ला, गिरणीत बदली कामगार म्हणून लागली. तुम्ही त्या अठरांकडे बघून म्हणताय की आमच्या वेळी सगळ्यांना दिडकी यायची.

(राग मानू नका, दिवा घ्या.)

आजोबा_गिरगावकर

दिवा घेतला. पण त्या अठरांना वजाबाकी येत होती!

आकडेमोड

नापासाचा मुद्दा निघालाच आहे तर आधी नीट मांडू. शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१०ला. आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवायचं नाही, ही अट त्यातच होती. २०१९च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन मागे ठेवायची मुभा मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३-२४पासून ती वापरायला सुरुवात केली. म्हणजे ढकलगाडी आता पूर्वीइतकी बिनअडथळ्याची नाही.

पण कायद्यात 'नापास नको' एकटं आलं नव्हतं, जोडीला 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन' होतं. म्हणजे वर्षअखेरीची वाट न बघता मूल कुठे अडतंय ते सतत तपासायचं आणि तिथल्या तिथे मदत करायची. पहिला भाग लगेच अमलात आला, कारण त्यात करायचं काहीच नव्हतं. दुसऱ्याचं काय झालं ते इथल्या शिक्षकांनीच सांगावं.

मुलांना किती येतं, याचे आकडे 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत मिळतात. पाचवीतल्या किती मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो? देशभरात २०१८ला ५०.५ टक्के, करोनानंतर २०२२ला ४२.८, २०२४ला ४८.८. ही पाहणी ग्रामीण भागातली आहे, मुंबई त्यात नाही, त्यामुळे हे आकडे गोवंडीला चिकटवू नका. 'असर' सुरू करणारी 'प्रथम' संस्था मात्र मुंबईच्याच वस्त्यांमध्ये वाढली.

फळा_आणि_फडकं

मी पालिकेच्या शाळेत शिक्षक. पूर्व उपनगरात, चाफाताईंच्या मावशींपासून फार लांब नाही. वर हाक आलीये म्हणून लिहितो.

सर्वंकष मूल्यमापनाचं काय झालं? प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयात वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असतात. 'स्वतःच्या शब्दांत उत्तर देतो.' 'गटकार्यात उत्साहाने भाग घेते.' या नोंदींच्या तयार याद्या मिळतात, इयत्तावार, विषयवार. एप्रिलमध्ये बसायचं आणि उतरवून काढायचं. मीही काढल्यात. पंचावन्न मुलं, आठ विषय, दोन सत्रं, गुणाकार तुम्हीच करा. हातच्याचा आहे.

त्यात शिकवायला दिवस किती मिळतात? २०२४ घ्या. जानेवारीत मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण, दारोदार फिरलो. मग लोकसभा. मग विधानसभा. बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं, काम तर बारमाही. कायद्याचं कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरं अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये, पण या तीन दारांतून अख्खा हत्ती आत येतो. शाळेत असलो तरी सरल आहे, यू-डायस आहे (दोन्ही सरकारी माहिती भरायची पोर्टलं), आधार जुळत नाहीत, खिचडीचा हिशोब आहे, 'अमुक दिन साजरा केल्याचे फोटो पाच वाजेपर्यंत ग्रुपवर टाका' आहे. मुलांना गणवेश, दप्तर, बूट धरून सत्तावीस वस्तू फुकट मिळतात, छान गोष्ट आहे. वाटून नोंद कोणी करायची?

आणि संख्या म्हणाल तर तिकडे दादर-गिरगावात मराठी शाळेत वर्गात बारा मुलं, इकडे गोवंडी-मानखुर्दला एका बाकावर तीन. पालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते, शिक्षक एका माध्यमातून उचलून दुसऱ्यात टाकता येत नाही. २०१२नंतर भरती वर्षानुवर्षं अडली. २०२४ला मोठी भरती झाली, तोवर माझ्या शाळेतले सहा जण निवृत्त झाले होते.

सगळेच मास्तर संत आहेत असं मी म्हणत नाही. खुर्चीत बसून मोबाइल बघणारेही आहेत. पण नुसतं 'शिक्षक कामचुकार' म्हणू नका, एवढंच.

रुळावरचा

ठाणं आलं, गेलं. डोंबिवलीला आलोय. मास्तर, तुमचा प्रतिसाद वाचून घाटकोपरला जे लिहायचं ठरवलं होतं ते कळव्याला खोडलं.

तरी एक शंका. पालिकेचं शिक्षणाचं अंदाजपत्रक वर्षाला जवळपास चार हजार कोटींचं असतं म्हणे. २०१५ला टॅब वाटले होते, त्यांचं काय झालं?

फळा_आणि_फडकं

आमच्याकडचे कपाटात आहेत. कपाटाची किल्ली स्टोअरच्या नोंदवहीत आहे. नोंदवही ऑडिटला गेली आहे.

आकडेमोड

मास्तरांच्या बाजूने एक आकडा. २००३च्या सुमारास देशभरात सरकारी प्राथमिक शाळांना अचानक भेटी देऊन पाहणी केली होती. सरासरी २५ टक्के शिक्षक जागेवर नव्हते. महाराष्ट्राचा आकडा सगळ्यात कमी, १५ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे 'मास्तर येतच नाही' हे आपल्याकडचं मुख्य दुखणं नाही. मास्तर असतो, मूलही असतं, आणि तरी शिकणं होत नाही, हे जास्त अवघड कोडं आहे.

निशिगंधा_२

माध्यमावर कोणी बोलत नाहीये. घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. त्या मुलीला कुठलीच भाषा पुरती आलेली नाही. मातृभाषेत शिकली असती तर निदान 'काय सांगितलंय' या प्रश्नावर गप्प बसली नसती. पण मराठी शाळा एकेक करून बंद होतायत, आणि त्या बंद पडल्या म्हणून रडणाऱ्या आपल्यापैकी किती जणांची मुलं मराठी माध्यमात आहेत? हात वर करा. माझा हात खालीच आहे, आधीच सांगते.

टोपणनाव_सुचेना

माझाही खाली. आणि मला त्याची लाज वगैरे वाटत नाही. मावशींचा हिशोब सरळ आहे. मॉलमध्ये, कुरियरच्या ऑफिसात, दवाखान्याच्या काउंटरवर नोकरी मागायला गेलं की पहिला प्रश्न इंग्रजीत येतो. 'मातृभाषेत शिका' हे सांगणारे लोक बहुतेक वेळा इंग्रजीत नोकरी करून आलेले असतात.

निशिगंधा_२

मान्य. पण अकराशे देऊन इंग्रजी मिळतंय का, की नुसता टाय मिळतोय?

रुळावरचा

टाय, बेल्ट आणि 'मे आय गो टू टॉयलेट'.

कोकणकडा

इंग्रजीच्या आधी आपण मराठी आकड्यांचीच काय वाट लावली बघा. २०१९ला दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जागी 'वीस एक' आणलं. आता 'साठ तीन' म्हणे. मग पंचाहत्तरीच्या सत्काराला काय म्हणायचं? सत्तर पाचावी?

आजोबा_गिरगावकर

दुसऱ्यांदा अनुमोदन. आमचं त्र्याण्णव, नव्व्याण्णव कुठे आणि हे कुठे.

फळा_आणि_फडकं

मी वर्गात शिकवतो म्हणून सांगतो. 'त्रेपन्न' ऐकून ३५ लिहिणारी मुलं दर वर्षी असतात, कारण कानाला तीन आधी ऐकू येतो. जोडाक्षरं न जमणाऱ्या मुलाला 'त्र्याहत्तर' म्हणजे डोंगरच. डॉ. मंगला नारळीकरांच्या समितीने जुनी पद्धत काढली नव्हती, नवी जोडीला दिली होती. टिंगल मात्र अशी झाली की मुद्दा कोणी ऐकलाच नाही. चाफाताईंच्या मुलीला पाचशे तीनमधला शून्य काय करतो ते कळलेलं नाही, आणि हे सगळं त्या शून्याशीच येऊन थांबतं.

कोकणकडा

मास्तर, हे माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. सत्तर पाचावी मागे घेत नाही.

सह्याद्री_एक्सप्रेस

आकडे कशाला, पहिलीपासून हिंदी लादायचा डाव होता २०२५ला, तो हाणून पाडला म्हणून ठीक, नाहीतर…

व्यवस्थापक

भाषिक राजकारणासाठी वेगळे चार धागे वाहते आहेत. तो शासन निर्णय जून २०२५मध्ये मागे घेतला गेला, समिती नेमली गेली, सगळ्यांना माहीत आहे. इथे मूळ विषयावर बोलावे. पुढचे तीन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

क्लासवाला

मी दहावीचे क्लास घेतो, कल्याणला. घाला शिव्या.

७८ कुठून आले हे मी सांगतो, कारण माझं घर त्याच्यावर चालतं. परीक्षा काय मोजते? धड्याखालच्या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर, ठरलेल्या शब्दांत. ते पाठ झालं की झालं. त्यावर शाळेच्या हातातले अंतर्गत गुण. त्यांनी किती फरक पडतो? २०१९ला दहावीच्या भाषांचे तोंडी परीक्षेचे २० गुण काढून टाकले. निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१वरून धाडकन ७७.१०वर. बोंबाबोंब झाली, गुण परत आणले, २०२०चा निकाल ९५.३०. एका वर्षात महाराष्ट्राची पोरं १८ टक्के हुशार झाली! आणि २०२१ला तर परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५.

माझ्याकडे नववीला येणाऱ्या दहातल्या चार मुलांना भागाकार येत नाही. मी त्यांना भागाकार शिकवत नाही. वेळ नसतो. भागाकार न करता पस्तीस कसे मिळवायचे ते शिकवतो. ते जास्त लवकर जमतं आणि पालक पेढे घेऊन येतात.

निशिगंधा_२

क्लासवाले, प्रामाणिकपणाला दाद. तुमच्या क्लासला मात्र मुलगा पाठवणार नाही.

क्लासवाला

नाही पाठवलात तर बरंच आहे. जागा भरल्यात.

दुपारपाळी

दोन दिवस लिहू की नको करत होते. मी अशाच शाळेत शिकवते. इंग्रजी माध्यम, खासगी, दुपारची पाळी. नाव विचारू नका, आणि त्या मुलीचीच शाळा आहे का तेही विचारू नका. अशा शाळा गल्लीगल्लीत आहेत.

माझं बी.एड. झालंय, मराठी माध्यमातून. पगार नऊ हजार, आणि सही वेगळ्या आकड्यावर. (सरकारी शिक्षण सेवकाचं मानधन २०२३ला सहा हजारांवरून सोळा झालं तेव्हा आम्ही स्टाफरूममध्ये त्यांचा हेवा करत होतो, आणि ते रस्त्यावर मोर्चे काढत होते.) वर्गात बावन्न मुलं. तास पस्तीस मिनिटांचा. हजेरी, डायरीवर सह्या, फी बाकी असलेल्यांना ऑफिसात पाठवणं यात दहा जातात.

धडा असा 'घेतला' जातो. मी एक ओळ वाचते, मुलं मागे म्हणतात. मग मी पेन्सिलने पुस्तकात कंस करायला सांगते: प्रश्न पहिल्याचं उत्तर इथून इथपर्यंत. मग ते फळ्यावर लिहिते, मुलं वहीत उतरवतात, मी बरोबरची खूण करते. परीक्षेत तोच प्रश्न येतो, मुलं तेच उत्तर लिहितात. एखाद्याने शब्द बदलला तर गुण कापायचे, अशी आम्हाला वरून ताकीद आहे, कारण पालक दोन वह्या शेजारी ठेवून भांडायला येतात. चाफाताईंच्या मुलीने 'टीचरने नाही दिला' म्हटलं ना, ते माझ्या कानात बसलंय. अर्थ हा फळ्यावर 'दिला' जातो. न दिलेला अर्थ नसतोच.

हातचा येत नाही हे कळतं का? कळतं. चाचणीचा पेपर तपासताना स्पष्ट दिसतं. लाल पेनने खोडते आणि पुढचा पेपर घेते. सातवीच्या पुस्तकात पूर्णांक संख्या चालू असताना तिसरीची वजाबाकी कुठल्या तासाला घेऊ? अभ्यासक्रम मागे पडला की मुख्याध्यापिका वही मागतात. वजाबाकी मागे पडली म्हणून मला आजवर कोणी काही विचारलेलं नाही.

चाफा_चेंबूर

दुपारपाळी, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. लिहिलंत याबद्दल काय बोलू. राग यायला हवा होता, पण आला नाही.

आजोबा_गिरगावकर

बाई, माझं 'नापास करा' मी इथे थोडं आवरतं घेतो. त्या मुलीला तुम्ही त्याच वर्गात परत बसवलं तरी पुन्हा तोच कंस आणि तीच वही.

आकडेमोड

आजोबा, शंभर टक्के.

मुंबईतलंच उदाहरण आहे. २००१ ते २००३च्या सुमारास मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांमध्ये 'बालसखी' नावाचा प्रयोग झाला. वस्तीतल्याच शिकलेल्या मुलींना थोडं प्रशिक्षण देऊन शाळेत पाठवलं. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं रोज साधारण दोन तास वर्गातून बाजूला काढायची आणि त्यांना जिथे येतंय तिथून पुढे शिकवायचं. इयत्तेचं पुस्तक बाजूला. मुलांची प्रगती मोजली गेली आणि ती चांगलीच होती. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी तो अभ्यास केला होता. पुढे २०१९ला त्यांना मायकेल क्रेमर यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. वरची शिक्षक गैरहजेरीची पाहणी क्रेमर यांचीच.

म्हणजे उपाय माहीत नाही असं नाही. महाग आहे असंही नाही. त्यासाठी शाळेला फक्त कबूल करावं लागतं की सातवीतल्या मुलीला तिसरीचं येत नाही. तेवढं मात्र जमत नाही.

फळा_आणि_फडकं

आमच्याकडे आता 'निपुण' या सरकारी वाचन-गणित मोहिमेत असंच पातळीनुसार गट करून शिकवायचं आहे. कल्पना चांगलीच आहे. त्याची माहिती रोज अॅपवर भरायची असते, हे सांगायला नकोच. आणि सप्टेंबर २०२५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सेवेची पाच वर्षांहून जास्त उरलेल्या आम्हा सगळ्यांना दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हायचंय. स्टाफरूममध्ये सध्या मुलांपेक्षा मास्तरच जास्त अभ्यास करतात.

रुळावरचा

आणि टीईटीत पैसे घेऊन पास केलेले सात हजारांवर उमेदवार २०२१च्या घोटाळ्यात सापडले होते, ते कुठे शिकवतायत?

फळा_आणि_फडकं

आमच्याकडे नाहीत. एवढंच सांगू शकतो.

निशिगंधा_२

थोडं अवांतर, पण याच विषयाचं. माझ्या भाचीला शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्क्यांच्या कोट्यातून पश्चिम उपनगरातल्या मोठ्या शाळेत प्रवेश मिळाला. फी माफ. पण सहल, प्रोजेक्टचं सामान, वर्गातल्या वाढदिवसांच्या भेटी यांची माफी नाही. आता ती पाचवीत आहे, मस्त इंग्रजी बोलते, आणि आईला शाळेत यायला बंदी केली आहे. शाळेने नव्हे, हिनेच. २०२४ला सरकारने नियम बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना या कोट्यातून सूट दिली होती. त्याच जुलैत उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. तेव्हा माझी बहीण देवळात नारळ फोडून आली. तिला विचारलं की मुलगी तुला शाळेत येऊ देत नाही, वाईट नाही वाटत? म्हणाली, वाटतं ना, पण तिला वाचलेलं कळतं.

टोपणनाव_सुचेना

चाफाताई, तीन आठवडे झाले. मुलीचं काय चाललंय? आम्ही इथे नोबेलपर्यंत जाऊन आलो.

चाफा_चेंबूर

हो, उशीर झाला. सांगते.

शनिवार-रविवार येते ती. आधी मी हातचा समजावायचा प्रयत्न केला, 'शेजारच्याकडून दहा उसने घे' वगैरे. काही उपयोग नाही. मग एकदा बोलता बोलता कळलं की ही संध्याकाळी मामाच्या भाजीच्या गाडीवर बसते. मी म्हटलं, गिऱ्हाइकाने २६७ची भाजी घेतली आणि पाचशेची नोट आणि वर तीन सुटे दिले, तर तू परत किती देशील? कागद नाही, पेन नाही. डोळे मिटून म्हणाली, "दोनशे छत्तीस."

मी खुर्चीतून पडायचीच राहिले. हेच, अगदी हेच गणित! मग तिला कागदावर तिचं जुनं ३६४ दाखवलं. म्हटलं, पाचशे तीन देऊन २६७ची भाजी नेली आणि वर ३६४ परत मिळाले? ती इतकी हसली. म्हणाली, "मामा मारेल."

त्यानंतर हातचा शिकायला दीड तास लागला. पाचशेची नोट मोडायची, शंभराच्या पाच करायच्या, त्यातली एक मोडून दहाच्या दहा. शून्याकडे काही नाही म्हणून पलीकडच्या घरी जायचं, हे तिचं तिनेच शोधलं.

आकडेमोड

चाफाताई, २०२५च्या सुरुवातीला 'नेचर'मध्ये नेमका हाच अभ्यास आलाय. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुलं, अवघड हिशोब तोंडी बिनचूक. तेच गणित शाळेच्या पद्धतीने मांडलं की बहुतेक अडतात. आणि उलटंही: शाळेत बरी असलेली मुलं बाजारातल्या हिशोबात अडखळतात. दोन्ही गणितं एकाच डोक्यात, पण मध्ये दार नाही.

क्लासवाला

भाजीची गाडी भाड्याने मिळेल का? बॅच मोठी आहे.

चाफा_चेंबूर

हसू नका, पुढचं ऐका. काल मावशी आल्या त्या चेहरा पाडूनच. चाचणीत विज्ञानाला गुण कमी पडले. म्हणाल्या, "ताई, तुम्ही शिकवायला लागल्यापासून मार्क कमी झाले हो." पेपर आणला होता. प्रश्न होता, अन्न टिकवायला वाळवतात ते का? वहीत चार ओळींचं उत्तर आहे, तिला ते पाठही होतं. मागच्या आठवड्यात मी तिला म्हटलं होतं की तुला जे कळलंय ते तुझ्या शब्दांत लिहीत जा. तिने लिहिलं (इंग्रजीत, मी देवनागरीत उतरवते): "फिश इज ड्राय इन सन. वॉटर गो. सो फंगस नॉट कम. माय आजी डू लाइक धिस विथ बोंबील."

तीनपैकी एक गुण. बोंबीलवर लाल गोल.

रुळावरचा

वॉटर गो, सो फंगस नॉट कम. अहो, यात चूक काय आहे?

आजोबा_गिरगावकर

व्याकरण सोडून काही नाही. मुलगी हुशार आहे. तिच्या आजीलाही माझा नमस्कार.

दुपारपाळी

चाफाताई, मी तीन दिले असते, असं आत्ता लिहिलं होतं. खोडलं. हा धागा वाचायच्या आधी मीही एकच दिला असता, आणि गोल बहुधा मीही केला असता.

चाफा_चेंबूर

दुपारपाळी, तुम्हाला दोष देत नाहीये. पण उद्या सकाळी साडेआठला मावशी येतील, पोरीला पुन्हा वहीतलं पाठ करायला सांगू का म्हणून विचारतील. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये आहे. काय सांगू?